भूविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे दिवस कसे जातात? त्यात काही थरार असतो का?

तुमचा प्रश्न असा आहे : बारावीनंतर भूविज्ञान घ्यायचं मनात आहे, घरचे म्हणतात ‘दगड फोडून काय मिळणार’, तर विद्यापीठात हा विषय शिकणाऱ्याचं रोजचं आयुष्य कसं असतं आणि त्यात पुस्तकाबाहेरचं काही असतं का.

मी पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात भूविज्ञानात एम.एस्सी. करते. मूळची माणदेशातली. थरार आहे, भरपूर आहे. पण तो कड्यावर चढताना येतो त्याहून जास्त एका साध्या काळ्या दगडाकडे पुन्हा पुन्हा बघताना येतो, असा माझा अनुभव आहे. तेवढं बघण्याची तयारी असेल तर हा विषय नक्की घ्या.

आधी रोजचं सांगते. सकाळी तासिका, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी जयकर ग्रंथालय. परीक्षा जवळ आली की जयकरमध्ये जागा धरायला लवकर उठावं लागतं. हे सगळं इतर विभागांतल्या मुलांसारखंच, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

वेगळं आहे ते स्लाइड बनवणं. फील्डवरून आणलेला दगड हिऱ्याच्या पात्याच्या करवतीवर कापायचा, एक बाजू गुळगुळीत करायची, ती काचपट्टीला चिकटवायची आणि मग दुसऱ्या बाजूने काचेच्या तक्त्यावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन घासत बसायचं. किती घासायचं? दगडाची जाडी 0.03 मिलिमीटर होईपर्यंत. एवढी पातळ झाली की ठार काळ्या बेसॉल्टमधूनही (लाव्हा थंड होऊन झालेला आपला काळा दगड) उजेड आरपार जातो. ही जाडी पट्टीने मोजता येत नाही, रंगावरून ओळखायची. मधेमधे सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघायचं. दोन्ही पोलरायझर, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या चकत्या, लावल्यावर प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक पिवळसर दिसत असतील तर स्लाइड अजून जाड आहे, राखाडी-पांढरे दिसायला लागले की थांबायचं. त्यापुढे थोडं जरी घासलं तरी दगड काचेवरून निघून जातो, म्हणून शेवटची काही मिनिटं डोळ्यांत तेल घालून काढायची.

मग ती स्लाइड सूक्ष्मदर्शकाच्या फिरत्या मंचावर ठेवली की जे दिसतं त्यासाठी मी या विषयात आले असं म्हटलं तरी चालेल. घाटात ज्याला आपण ‘काळा पाषाण’ म्हणून सोडून देतो त्याच्यात प्लॅजिओक्लेजच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या काड्या असतात, त्यांच्या मधे ऑजाइट या खनिजाचे निळे, जांभळे, नारिंगी तुकडे असतात, कुठे कडेने तांबूस झालेला ऑलिव्हिन, तेही खनिजच, असतो. मंच फिरवला की एकेक स्फटिक विझतो आणि पुन्हा उजळतो. कोणता स्फटिक आधी तयार झाला, कोण नंतर उरलेल्या जागेत कसाबसा बसला, हे त्यांच्या कडा बघून सांगता येतं. म्हणजे लाव्हा थंड कसा होत गेला याची नोंदच समोर असते. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरले होते.

आता फील्ड. तुम्ही ‘थरार’ म्हणून विचारलंत ते बहुतेक याबद्दलच.

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग दख्खनच्या बेसॉल्टने व्यापलेला आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा बाहेर पडत राहिला आणि थरावर थर साचत गेले. पश्चिम घाटात त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. या थरांच्या गटांना जगभरच्या शोधनिबंधांत जी नावं आहेत ती वाचून मला फार आनंद झाला होता : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. आपल्या एसटीच्या पाट्यांवरची गावं, आणि परदेशातला संशोधक त्यांच्याशिवाय एक पान लिहू शकत नाही.

आंबेनळी घाटात आम्ही पोलादपूरच्या बाजूने वर चढत गेलो. खालून वर जायचं, कारण खालचा थर आधीचा. प्रत्येक वळणावर थांबायचं, टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर) जागा लावायची, उंची लिहायची, थराचा तळ कुठे आणि माथा कुठे ते शोधायचं. माथा बहुधा सच्छिद्र असतो, कारण लाव्हातले वायूचे बुडबुडे वर येऊन तिथे अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ अशी खनिजं भरतात, त्यांना लोक गारगोट्या म्हणतात. दोन थरांच्या मधे कधी कधी विटेच्या रंगाचा मातकट पट्टा लागतो, तो रेड बोल. दोन उद्रेकांच्या मधे जो निवांत काळ गेला त्यात खालच्या लाव्हाची झीज होऊन तो तयार झाला. गाडीतून जाताना तो पट्टा मी लहानपणापासून बघत होते, पण गाडी थांबवून त्याला हात लावून बघावा असं कधी वाटलं नव्हतं.

यातली खरी मेख पुढे आहे. पोलादपूरचा दगड आणि आंबेनळीचा दगड शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखणं फार अवघड जातं. दोन्ही काळे, दोन्ही जड. फरक त्यांच्या रसायनात आहे. बुशे गटाचा आणि त्या खालोखाल पोलादपूर गटाचा लाव्हा वर येताना जुन्या भूकवचातला बराच माल वितळवून सोबत घेऊन आला, आंबेनळीचा लाव्हा त्या मानाने बराच स्वच्छ आला, आणि हे स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांच्या गुणोत्तरातून कळतं. चुंबकत्वाचंही तसंच. घाटातले खालचे बहुतेक थर थंड झाले तेव्हा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आजच्या उलट होतं, आणि महाबळेश्वरच्या माथ्याकडच्या थरांत ते आजच्यासारखं सापडतं. तुम्ही स्ट्रॉबेरी खायला ज्या रस्त्याने जाता त्या रस्त्यावर उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल ओलांडून जाता!

कष्टाचं सांगायचं तर दगड जड असतात. हातोडीने ताजा तुकडा काढायचा, त्यावर मार्करने क्रमांक घालायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा, कापडी पिशवीत टाकायचा आणि संध्याकाळपर्यंत तो पाठीवर वागवायचा. मार्च-एप्रिलमध्ये काळा कातळ तापतो, हात टेकवत नाही. मुली विचारतात म्हणून स्पष्ट लिहिते : रानात स्वच्छतागृह नसतं, त्यामुळे गटात किमान दोघी तरी असाव्यात असा आमचा नियम आहे, आणि पाळीच्या दिवसांची तयारी सॅकमध्ये कायम ठेवायची. गावातल्या बायका फार मदत करतात. कुठल्याही वाडीवर ‘मावशी, जरा आत जाऊ का?’ म्हटलं की नाही म्हणालेलं मला आठवत नाही. वर चहा होतो तो वेगळाच.

सगळ्यात आवडती सफर विचाराल तर कुकडी नदीची. ही विभागाची सहल नव्हती, सुट्टीत आम्ही काही मित्रमैत्रिणींनी मिळून केली. नाणेघाटाजवळ पूर गावी कुकडेश्वराच्या देवळापासून निघायचं आणि नदीच्या काठाकाठाने पूर्वेला खाली यायचं. नाणेघाटात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे, त्यातले आकडे बघायला माझा गणिताचा मित्र खास आला होता. नारायणगावच्या बाजूला आलं की शेतांत खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसायला लागतात, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. अशा एकूण 30 आहेत.

पण आम्हाला बघायचं होतं ते बोरी. तिथे कुकडीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. ही राख दख्खनच्या लाव्हाची नव्हे, तो तर कोट्यवधी वर्षं आधीच थंड झाला होता. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, 3,000 किलोमीटरहून लांबून वाऱ्याने आलेली. टोबाच्या कोणत्या उद्रेकाची यावर मात्र वाद आहे. काही संशोधक सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची म्हणतात, काही जवळजवळ 8 लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची. आणि हा वाद किरकोळ नाही, कारण त्याच गाळात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली आहेत. राखेचं वय ठरलं की त्या माणसाचा काळ ठरायला मदत होते. बोरीचा माणूस 74,000 वर्षांपूर्वीचा की त्याहून कितीतरी जुना, हे आपल्या जुन्नर तालुक्यातल्या चिमूटभर राखेवर अवलंबून आहे!

आम्ही तिथे काही खणलं नाही. अशा जागेवर अभ्यासकांशिवाय कोणी हात लावू नये असं मला मनापासून वाटतं. विभागात राखेची स्लाइड आधी बघितलेली होती. काचेचे वाकडे, अणकुचीदार तुकडे, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती असाव्यात तसे, आणि दोन्ही पोलरायझर लावले की सगळे काळे, कारण काचेला स्फटिकरचना नसते. काठावर बसून तो फिकट पट्टा बघताना आमच्यात बराच वेळ वाद चालला. दोन्ही बाजूंचे पुरावे आम्ही वाचून गेलो होतो. मी 8 लाखांच्या बाजूने आहे, आणि नवा पुरावा आला तर मत बदलायला तयार आहे.

तिथून पुढे निघोज. एका काठावर पारनेर तालुक्यातलं निघोज, पलीकडे शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, आणि मधे नदीपात्रातल्या बेसॉल्टमध्ये रांजणखळगे. पुराच्या पाण्याचे भोवरे खडकातल्या खाचेत गोटे घेऊन गरगर फिरतात, ताकात रवी फिरते तसे, आणि खाच खोल होत होत रांजणाएवढी होते. शेजारचे खळगे एकमेकांत मिसळले की नदीला नवी वाट मिळते. काही खळग्यांच्या तळाशी घासून गुळगुळीत झालेले गोटे अजून पडलेले असतात. पावसाळ्यात तिथे उतरू नका, शेवाळं धरलेल्या कडेवरून पाय सटकला तर वर येणं कठीण. उन्हाळ्यात, पाणी कमी असताना, सावकाश बघा.

आता घरच्यांच्या ‘काय मिळणार’ला उत्तर. 1851 साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून जाता येतं, राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, धरणं, बोगदे आणि खाणींच्या कामात भूवैज्ञानिक लागतातच. स्पर्धा आहे, हे मान्य. पण मी या विषयाकडे नोकरीच्या वाटेने आले नाही, पाण्याच्या वाटेने आले.

आमच्या माणमध्ये विहीर खणणं म्हणजे घरावर कर्ज काढणं. आमच्या भागातल्या एका विहिरींच्या पाहणीत मी टेप घेऊन पाण्याची पातळी मोजत होते. मे महिना. एक आजी शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘पोरी, तू शिकलीयास, सांग की, आणखी खाली गेलं तर पाणी लागंल का?’ विहिरीच्या भिंतीत वर सच्छिद्र, झिजलेला खडक होता आणि खाली एकसंध कठीण बेसॉल्ट. बेसॉल्टमध्ये पाणी धरतो तो वरचा सच्छिद्र, भेगाळलेला भाग. एकसंध खडकात ते असलं तर फक्त सांध्यांत असतं, आणि त्या विहिरीत सांधे दिसत नव्हते. मी आजींना सांगितलं की इथे आणखी खोल जाण्यावर पैसे घालू नका, खालचा पुढचा थर किती खोल आहे ते आधी तपासून घेऊ. आमच्या सरांनी येऊन बघितलं, त्यांचंही तेच मत पडलं. जवळच्या ओढ्यावर बांध घातला तर वरच्या सच्छिद्र थरात पाणी मुरेल असं त्यांनी गावकऱ्यांना समजावून सांगितलं. घाटात थर मोजताना शिकलेलं तिथे जसंच्या तसं कामाला आलं. आजींच्या कुटुंबाचे पैसे वाचले, याचं मला कुठल्याही गुणांपेक्षा जास्त मोल आहे.

दुसरी बाजूही आहे. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, 150 हून अधिक माणसं गेली. वर्गात दरडींचा धडा येतो तेव्हा उतार, मुरलेलं पाणी, झिजलेल्या मातीची जाडी असे शब्द फळ्यावर असतात, पण माळीण सगळ्यांच्या मनात असतं. अशा गावांचे उतार पावसाळ्याआधी कोणीतरी पायी फिरून बघायला हवेत, आणि त्यासाठी मुलंमुली शिकून तयार व्हायला हवीत. म्हणून तुमच्यासारखं कोणी हा विषय घेऊ म्हणतं तेव्हा मला खरंच बरं वाटतं.

प्रवेशाआधी एक करून बघा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि तुमच्या जवळच्या घाटातल्या किंवा नव्या रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीसमोर अर्धा तास सुरक्षित अंतरावर उभे राहा. थर किती दिसतात, लाल पट्टा आहे का, पोकळ्या वर आहेत की खाली, हे वहीत चित्र काढून लिहा. खाली पडलेला एखादा तुकडा भिंगातून बघा. कंटाळा आला तर दुसरा विषय बघा, त्यात कमीपणा काही नाही. वेळ कमी पडला असं वाटलं तर प्रवेश घ्या. बारावीला गणित असेल तर पुढे भूभौतिकीची वाटही मोकळी राहते, तेवढं सोडू नका.

तुमचं गाव किंवा तालुका खाली लिहिलात तर जवळपास बघण्यासारखा सेक्शन, म्हणजे थर उघडे दिसतील अशी जागा, कुठे आहे ते मला माहीत असेल तर सांगते.