चाळ कागदावर, नावं गुलदस्त्यात

प्रश्न : आमच्या गावात (जि. नाशिक) कांदाचाळीचं अनुदान उचललेल्या दोन-तीन जणांच्या रानात चाळच दिसत नाही. माझं नाव मात्र लॉटरीत लागलं नाही. माहिती अधिकारात मी लाभार्थ्यांची नावं, आधार क्रमांक, बँक खाती, मोबाइल असं सगळं मागितलं. 'त्रयस्थाची वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(जे)' असं लिहून अर्ज फेटाळला. पत्र मिळून २२ दिवस झालेत.

उत्तर : आधी दिवस मोजा. पहिलं अपील पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं असतं, म्हणजे हातात आठच दिवस आहेत. अपिलावर २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या.

आता खरं सांगतो, रागावू नका. अर्ज फेटाळायला कारण तुम्हीच दिलंत. शेजाऱ्याचा आधार क्रमांक आणि खातं तुम्हाला कशाला हवं? ते मिळणार नाही आणि मिळूही नये. पण त्या आडून नावं आणि रक्कमही झाकली, हे चूक आहे. याच कायद्याच्या कलम ४(१)(ब) मधला बारावा मुद्दा काढून बघा: अनुदान योजना कशी राबवली, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचं असतं. कुणी मागण्याची वाट न बघता. अपिलात पहिला मुद्दा हाच घ्या.

डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(जे) बदललं, हे तुम्हाला ऐकवलं जाईल. बदललंय खरं. सार्वजनिक हितासाठी अशी माहिती देण्याची मुभा त्या पोटकलमातून गेली, विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही ही ओळही गेली. मला स्वतःला हा बदल पटलेला नाही. पण कलम ८(२) शाबूत आहे. होणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. सरकारी तिजोरीतून न बांधलेल्या चाळीचे पैसे गेले असतील, तर हित कोणतं हे वेगळं समजवावं लागू नये, तरी चार ओळी लिहाच. शिवाय कलम १० नुसार आधार, खातं काळं करून उरलेलं देता येतं, आणि नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्याची आहे, तुमची नाही.

सोबत नवा अर्जही टाका, १० रुपयांचा. आपल्याकडे एक विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे, म्हणून नेमकं मागा: अमुक वर्षाची गावनिहाय लाभार्थी यादी, चाळीची क्षमता, दिलेली रक्कम, मोका तपासणीचा (जागेवर जाऊन केलेल्या पाहणीचा) अहवाल आणि जिओ टॅग केलेले, म्हणजे जागेची नोंद असलेले फोटो. खरी गोष्ट फोटोत सापडेल. एकच चाळ दोन नावांवर दिसली तर मग बोलू. अर्जात कुणावर आरोप करू नका, 'बोगस' हा शब्दही नको.

अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत यायला हवा. नाहीच आला किंवा विरोधात गेला, तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. तिथे वेळ लागतो, मनाची तयारी ठेवा.

आणि यादी हाती आली की लगेच गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'चोर' लिहून टाकू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला शिक्षा आहे, आणि तेव्हा तुमचंच प्रकरण घेऊन तुम्ही माझ्याकडे याल. कागद जोडून लेखी तक्रार वरच्या कृषी अधिकाऱ्यांकडे द्या.