यूकेच्या स्पाउस व्हिसासाठी नवऱ्याचं स्वतंत्र घर असावंच लागतं का?

तुम्ही लिहिलंय की नवरा ब्रिटिश नागरिक आहे, हॅरोमध्ये तीन मित्रांबरोबर भाड्याच्या घरात एका खोलीत राहतो, आणि एजंट म्हणतो की वन बेडरूम फ्लॅट घेतल्याशिवाय आणि घराचा इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडल्याशिवाय फाइल टाकूच नका. नियमात या दोन्ही सक्ती नाहीत. तुमच्या घराची अडचण वेगळीच आहे, ती पुढे सांगते.

लग्नानंतर मी स्लाउला आले ती दीर-जावेच्या घरी, आणि आमचा अर्जही त्याच घराच्या पत्त्यावर मंजूर झाला. त्यामुळे हा भाग मी फूटपट्टी घेऊन वाचलेला आहे.

दुसरं कुणी हे वाचत असेल आणि नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल, तर थांबा. डिपेंडंट जोडीदाराच्या अर्जाला घराची अशी अटच नाही. ही अट अपेंडिक्स एफएममधली (इमिग्रेशन नियमांतलं कुटुंबाच्या व्हिसाचं परिशिष्ट) आहे, म्हणजे जोडीदार ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायमचा स्थायिक असेल तेव्हाची. आयटीतली आपली मंडळी हे दोन व्हिसे एकत्र करून एकमेकांना सल्ले देतात आणि घोळ होतो.

नियम म्हणतो की सरकारी मदतीवर जादा भार न टाकता कुटुंबाला पुरेशी जागा हवी आणि ती स्वतःच्या मालकीची किंवा फक्त तुमच्या वापरातली हवी. घरात गर्दी होता कामा नये आणि सार्वजनिक आरोग्याचे नियम मोडता कामा नयेत. यातलं 'फक्त तुमच्या वापरातली' ऐकून लोक घाबरतात. प्रत्यक्षात तुम्हा दोघांची म्हणून एक बेडरूम पुरते. स्वयंपाकघर, बाथरूम, हॉल सामायिक असले तरी चालतात.

गर्दी म्हणजे किती, हे इंग्लंडमध्ये हाउसिंग ॲक्ट १९८५ ठरवतो. पहिली कसोटी झोपण्याची: जोडपं नसलेल्या स्त्री-पुरुषांना एका खोलीत झोपावं लागू नये. दहा वर्षांखालची मुलं यात धरत नाहीत. दुसरी कसोटी निव्वळ हिशोबाची. बेडरूम आणि हॉल दोन्ही खोल्या म्हणून मोजतात. एक खोली असेल तर २ माणसं, दोनला ३, तीनला ५, चारला साडेसात, पाच किंवा जास्त असतील तर खोलीमागे २. मग क्षेत्रफळावरून वेगळी बेरीज: ११० चौरस फूट किंवा मोठी खोली दोघांची, ९० ते १०९ दीड माणसाची, ७० ते ८९ एकाची, ५० ते ६९ अर्ध्या माणसाची, आणि ५० च्या खालची धरायचीच नाही. दोन्ही उत्तरांतलं जे कमी ते खरं. एक वर्षाखालचं बाळ मोजत नाहीत, एक ते नऊ वर्षांचं मूल अर्धं.

आमच्या घराचं सांगते म्हणजे स्पष्ट होईल. तीन बेडरूम आणि हॉल, म्हणजे चार खोल्या, तक्त्याप्रमाणे साडेसात माणसं. पण तिसरी बेडरूम इंग्रजांची ती प्रसिद्ध बॉक्स रूम, सात बाय आठ, म्हणजे ५६ चौरस फूट. ती अर्ध्या माणसाची. बाकी तिन्ही खोल्या ११० च्या वर, म्हणून क्षेत्रफळाने साडेसहा. हाच आकडा धरायचा. माणसं: दीर, जाऊ, आम्ही दोघं, बारा वर्षांचा पुतण्या, सहा वर्षांची पुतणी, म्हणजे साडेपाच. बसलं. दिरांनी टेप लावून खोल्या मोजल्या, मी वहीच्या कागदावर नकाशा काढला, प्रत्येक खोलीत लांबी-रुंदी आणि कोण झोपणार ते लिहिलं, आणि तो कागद स्कॅन करून अर्जाला जोडला. सुबक मुळीच नव्हता.

आता तुमच्या नवऱ्याचं घर. आज तिथे चौघं आहेत, तुम्ही गेलात की पाच. तुम्ही नवरा-बायको एक कुटुंब धरलं तरी मित्र वेगळे, आणि स्वयंपाकघर-बाथरूम सामायिक. इंग्लंडमध्ये पाच किंवा जास्त माणसं आणि दोन किंवा जास्त कुटुंबं असं घर असलं की घरमालकाला काउन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, एचएमओ (अनेक कुटुंबांनी वाटून राहायचं घर) लायसन्स घ्यावंच लागतं. काही काउन्सिलांनी याहून कमी माणसांसाठीही लायसन्स लावलंय. म्हणजे तुमच्या एकटीच्या जाण्याने ते घर लायसन्सच्या कक्षेत येऊ शकतं. लायसन्स आधीच असेल तर त्यावर किती माणसांना परवानगी आहे ते बघा, काउन्सिलकडे त्याची नोंदवही सगळ्यांना पाहता येते. शिवाय लायसन्सच्या घरात दोन मोठ्यांनी झोपायच्या खोलीला किमान १०.२२ चौरस मीटर लागतात, म्हणजे ते वरचेच ११० चौरस फूट. नवऱ्याची खोली त्याहून लहान असेल तर तो पत्ता विसरा.

तेव्हा एजंटचा सल्ला शेवटी तुमच्या बाबतीत बरोबर ठरेलही, फक्त कारण त्याने सांगितलं ते नाही. आणि वन बेडरूमचाच हट्ट कशाला? दोघांसाठी स्टुडिओसुद्धा नियमात बसतो, ११० चौरस फुटांच्या एका खोलीला दोन माणसं. लेस्टरला किंवा लंडनमध्येच मामा-आत्याचं घर असेल आणि हिशोब बसत असेल, नोकरीला तिथून जाता येत असेल, तर तेही चालतं. नवरा आज त्या घरात राहत नसला तरी हरकत नाही, तुम्ही पोचाल तेव्हा जागा खरोखर मिळणार आहे हे कागदावर दिसलं पाहिजे.

अर्ज अडतो तो बहुतेक कागदांवरच. घर भाड्याचं असेल तर पूर्ण टेनन्सी ॲग्रीमेंट द्या, पहिलं आणि शेवटचं पान नव्हे. त्यात 'एकाच व्यक्तीने राहावे' अशी अट असली तर घरमालकाचं पत्र हवंच. घर नातेवाइकाचं असेल तर त्याचं पत्र आणि मालकीचा पुरावा, लँड रजिस्ट्रीची प्रत काही पौंडांत ऑनलाइन मिळते. पत्रात माझ्या दिरांनी लिहिलं होतं ते असं: घराचा पत्ता, मी मालक आहे, घरात एवढ्या खोल्या आहेत, आज हे चौघं इथे राहतात (नावं आणि जन्मतारखा), भाऊ आणि त्याच्या पत्नीला मागची बेडरूम स्वतंत्रपणे दिली आहे, माझी हरकत नाही. खाली सही, तारीख, फोन नंबर. प्रेमाच्या दोन ओळी घालू नका, अधिकाऱ्याला खोल्या मोजायच्या असतात. सोबत काउन्सिल टॅक्सचं बिल जोडा. नवरा एकटा राहत असेल तर त्यावर २५ टक्के सवलत दिसेल, आणि तिथे दुसरं कुणी राहत नाही याचा तो छान पुरावा आहे. तुम्ही पोचलात की मात्र काउन्सिलला कळवा, सवलत बंद होते.

इन्स्पेक्शन रिपोर्टचे पैसे मी फक्त दोन वेळा खर्च करेन: हिशोब अगदी काठावर असेल तर, किंवा एचएमओमध्येच राहायचं ठरवलंत तर. एरवी नकाशा, फोटो आणि घराचं एनर्जी सर्टिफिकेट पुरतं. त्या सर्टिफिकेटवर एकूण क्षेत्रफळ असतं आणि ते ऑनलाइन फुकट दिसतं.

घाईने महागडा फ्लॅट घेऊ नका. २९,००० पौंडांची उत्पन्नाची अट करापूर्वीच्या पगारावर मोजतात, भाडं त्यातून वजा होत नाही. त्यामुळे भाडं वाढल्याने अर्ज बिघडत नाही, बिघडतो तो तुमचाच महिना. आणि पहिला व्हिसा दोन वर्षं नऊ महिन्यांचा असतो, मुदतवाढीच्या वेळी घर परत तपासतात. तोवर बाळ झालं आणि एक वर्षाचं झालं तर तेही अर्धं माणूस. स्टुडिओत तेवढी जागा उरत नाही, तेव्हा भाडेकरार किती महिन्यांचा करायचा ते यावर ठरवा.