लस फुकट मिळते, तरी काही आईवडील मुलांना ती का देत नाहीत?

उघड विरोधापेक्षा लशीनंतर येणाऱ्या तापाची धास्ती हे कारण जास्त दिसतं. मी लसीकरण सत्रांवर काम करते, तिथे हेच कानावर येतं. दीड महिन्याच्या बाळाला मांडीत पेंटाव्हॅलंटचं, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लशीचं, इंजेक्शन देतात. रात्री अंग तापतं, मांडी सुजते, बाळ रडरड रडतं. एकदोन दिवसांत उतरतं सगळं, पण हे होणार असं आधी कुणी सांगितलेलंच नसतं. मग सासूबाई म्हणतात, "चांगल्या पोराला आजारी पाडून आणलंस," आणि अडीच महिन्यांचा डोस राहतो तो राहतोच. रोजंदारीवरच्या आईचा खाडा होतो तो वेगळाच. पुढे नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लसही हुकते. २०२२ मध्ये मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा लस न घेतलेली मुलं बरीच निघाली.

मात्र सगळेच तापाला भिऊन थांबत नाहीत. लशीमुळे पुढे मूल होत नाही ही पोलिओ मोहिमेपासूनची अफवा काही वस्त्यांत अजून फिरते. शिकलेल्या घरांत लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८चा लेख व्हॉट्सअ‍ॅपवर जिवंत आहे, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१०मध्येच मागे घेतला असला तरी. यांना तापावर पॅरासिटामॉल कधी द्यायचं ते समजावून काही उपयोग होत नाही.