खानापूर-बेळगाव रोजची फेरी: ८० टक्के की १०० टक्के, आणि त्याआधी घरची अर्थिंग

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: खानापूर ते बेळगाव जाऊन-येऊन रोज सुमारे ५२ किलोमीटर होतात, ३०.२ युनिट क्षमतेची जुनी नेक्सॉन ईव्ही ही विजेवरची गाडी घेण्याचा विचार आहे, तर तिचे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावे की ती १०० टक्के भरावी, आणि वडिलोपार्जित घरातल्या सॉकेटवर हे जमेल का. मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण या गाड्यांमध्ये जे बिघडते ते माझ्या अनुभवात बॅटरीपेक्षा घराच्या वायरिंगमुळे अधिक बिघडते.

गाडीसोबत मिळणारा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटमधून साधारण ३ किलोवॅट ओढतो. गीझरही तेवढेच घेतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी रिकामी असेल तर तोच भार सलग नऊ-दहा तास चालू राहतो, आणि सॉकेटमधला एखादा स्क्रू किंचित सैल असला तरी तिथे उष्णता साठत जाते. माझ्या घरी पहिल्याच महिन्यात सॉकेटच्या उजव्या भोकाभोवती तपकिरी कडा उमटली होती आणि प्लग काढताना पिनेला हात लावता येत नव्हता. त्यानंतर मीटरच्या बोर्डापासून थेट ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिच्यावर स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) घेतला. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र एका रात्रीपुरताही वापरू नये. हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या भागातल्या वीज कंपनीच्या, बिलावर मंजूर भार किती आहे तेही पाहावे. बिल कन्नडमध्ये असते आणि आपल्यापैकी बरेच जण फक्त रक्कम बघून ते बाजूला ठेवतात, पण भार १ किलोवॅट असेल तर तो आधी वाढवून घेणे भाग आहे.

अर्थिंगची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांत खरी अडचण तीच असते. गाडीचा चार्जर अर्थिंग तपासल्याशिवाय करंट सोडतच नाही. माझा चार्जर पावसाळाभर निमूटपणे चालला आणि एप्रिलमध्ये लाल दिवा दाखवून अडून बसला. कारण साधे होते: जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंगचा रोध वाढतो. बोलावलेल्या वायरमनने सॉकेटमध्ये न्यूट्रलचाच तुकडा अर्थिंगच्या पिनेला जोडून दिला. दिवा हिरवा झाला, त्याने पैसे घेतले आणि तो गेला. हा उपाय जीवघेणा आहे, हे मला नंतर कळले. मागे कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीचा सगळा पत्रा २३० व्होल्टला येतो. आपण मल्टिमीटर लावून फेज आणि अर्थ यांच्यामधला दाब (व्होल्टेज) २३०च्या आसपास येतो का, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामधला दाब दोन-तीन व्होल्टच्या आत राहतो का, हे चार्जिंग चालू असताना पाहावे. मात्र नेमके शून्य आले तर कोणी असाच तुकडा जोडलेला नाही ना, हे सॉकेट उघडून बघितलेले बरे. मी शेवटी नवा खड्डा काढून तांब्याचा मुलामा दिलेला रॉड पुरला, आणि आता मार्च ते मे दर आठवड्याला त्यात एक घागर पाणी ओततो.

आता बॅटरी. ८० टक्क्यांवर थांबा आणि १०० टक्के भरा, हे दोन्ही सल्ले खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या बॅटऱ्यांबद्दलचे आहेत. कोना इलेक्ट्रिकसारख्या गाडीत एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) रसायनाची बॅटरी असते. ती रोजच्या वापरात ८० टक्क्यांवर थांबवणे शहाणपणाचे, कारण पूर्ण भरलेल्या स्थितीत, विशेषतः उन्हात, उभी राहिली की तिची क्षमता लवकर घटते. नेक्सॉनमध्ये एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) आहे. तिलाही भरून उन्हात ठेवणे मानवत नाही, पण तिची दुसरी एक अडचण आहे: साधारण २० ते ९० टक्क्यांपर्यंत तिच्या सेलचा दाब जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे किती चार्ज शिल्लक आहे याचा अंदाज यंत्रणेला आत-बाहेर गेलेल्या करंटच्या हिशेबावर बांधावा लागतो, आणि त्या हिशेबात चूक साठत जाते. मग काट्यावर १५ टक्के दिसत असताना गाडी अचानक ५ वर येते. म्हणून महिन्यातून दोन-तीनदा घरच्या संथ चार्जिंगवर ती १०० टक्क्यांपर्यंत नेऊन सेल समतोल होऊ द्यावेत, म्हणजे सगळे सेल एकसारखे भरतील. आपली रोजची फेरी सुमारे ७ युनिटांची, म्हणजे बॅटरीच्या पाव हिश्शाएवढी आहे, तेव्हा एक दिवसाआड चार्ज केले तरी चालेल. चार्जिंगमध्ये होणारी गळती धरून मीटरवर दहाएक टक्के जास्त युनिट दिसतील.

हायवेवरचे जलद चार्जिंग प्रवासापुरते ठेवावे. ८० टक्क्यांनंतर वेग आपोआप उतरतो, त्यामुळे कोल्हापूरला जाताना शंभरची वाट बघत बसण्यापेक्षा निघून जाणे बरे.

गोव्याबद्दल आपण विचारले नाही, पण खानापूरकर जांबोटीमार्गे चोर्ला घाटाने जाणारच. सुमारे ७०० मीटर उतरताना माणसांसह १,६०० किलोच्या गाडीत ३ युनिट ऊर्जा असते. तिचा काही भाग रीजनमुळे, म्हणजे वेग आवरताना मोटरच वीज बनवत असल्यामुळे, परत मिळतो, परंतु बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती तो घेऊ शकत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. येताना मात्र अंतराच्या हिशेबावर तीन-साडेतीन युनिट वरचे धरावेत.

गाडी आठ-पंधरा दिवस उभी ठेवायची असेल तर निम्म्या चार्जवर, सावलीत ठेवावी. बाहेरगावाहून परतल्यावर दारही उघडले नाही तर घाबरू नये. बहुतेक वेळा मोठी बॅटरी शाबूत असते आणि पुढची १२ व्होल्टची साधी बॅटरी उतरलेली असते.