जर्मन नाव असलेल्या पोलिश खेड्याचा इतिहास कसा काढायचा?

तुमच्याकडच्या जुन्या जर्मन कागदावर ‘क्रायझाऊ, जिल्हा श्वाइडनित्स’ असं गाव आहे आणि ते आज पोलंडमध्ये येतं. शोध कुठून सुरू करायचा, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही १९४५ आधीचं काही का सांगता येत नाही, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पुढची सगळी शोधाशोध त्यावरच बेतलेली आहे.

१९४५ मध्ये इथे नुसतं राज्य बदललं नाही, माणसंच बदलली. महायुद्धातल्या विजेत्या देशांच्या पॉट्सडॅम परिषदेनंतर ओडर आणि नाइसे नद्यांच्या पूर्वेकडचा मुलूख पोलंडकडे गेला. क्रायझाऊ ज्या प्रांतात येतं त्या सिलेशियातल्या जर्मनांना, मुख्यतः १९४६-४७ मध्ये, रेल्वेगाड्यांत बसवून पश्चिमेला धाडलं. त्यांच्या घरांत मध्य पोलंडमधली गरीब शेतकरी कुटुंबं आली, आणि सोव्हिएत संघाने गिळलेल्या पूर्व पोलंडमधले विस्थापित आले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते ४८ राहिलेले पोलिश निर्वासित मुख्यतः त्याच पूर्व भागातले. त्यामुळे आजच्या क्रायझाऊतल्या एखाद्या आजीबाईंना ‘जुनं गाव कसं होतं’ विचाराल, तर त्या आजच्या युक्रेनमधल्या गावाचं वर्णन करतील. त्यांचं काही चुकत नाही. त्यांचं जुनं गाव तेच.

आता कागद. आधी जिल्हा पक्का करा, मग गाव. क्रायझाऊ म्हणजे आजचं क्शिझोवा, पण पोलंडमध्ये या नावाची गावं अनेक: एक दक्षिणेला झिवेत्स जिल्ह्यात, एक बोलेस्वावियेत्सकडे. तुमचं गाव श्विद्नित्साजवळचं, कारण श्वाइडनित्स म्हणजे श्विद्नित्सा. १९१२ सालचा मायर्सचा गॅझेटियर ऑनलाइन फुकट आहे. त्यात जिल्ह्यासोबत ‘जन्ममृत्यू नोंदणी कार्यालय कुठलं’ तेही मिळतं, आणि ते टिपून ठेवाच. लहान गावांच्या नोंदी बऱ्याचदा शेजारच्या गावाच्या कार्यालयात होत. नुसतं आपल्या गावाचं नाव टाकून शोधणारे ‘काहीच नाही’ म्हणून परततात.

१९४५-४६ च्या कागदांत तिसरंच नाव दिसलं तर गोंधळू नका. नावं ठरवणारा आयोग १९४६ मध्ये कामाला लागला, तोवर लोकांनी कामचलाऊ नावं पाडली होती. शेजारचं राइशेनबाख आधी रिखबाख झालं, मग जेर्झोन्यूफ.

लोकसंख्येच्या आकड्यांत तर हमखास फसायला होतं. प्रशियात, म्हणजे हे गाव ज्या जर्मन राज्यात होतं तिथे, १९२८ पर्यंत गावठाण आणि जमीनदाराची इस्टेट हे दोन वेगळे प्रशासकीय घटक होते. एकाच नावापुढे दोन आकडे दिसले की लोक एक खोटा ठरवतात. दोन्ही खरे असतात, बेरीज करायची. क्रायझाऊत हा फरक महत्त्वाचा, कारण ऑस्ट्रियाविरुद्धचं १८६६ चं युद्ध जिंकल्यावर मिळालेल्या बक्षिसाच्या पैशातून हेल्मूट फॉन मोल्टके या प्रशियाच्या सेनाप्रमुखाने १८६७ मध्ये ही इस्टेट घेतली. इस्टेटीवरचे मजूर गावच्या आकड्यात धरलेलेच नसत.

प्रशियात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंद १ ऑक्टोबर १८७४ पासून. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत पाहायचं, आणि प्रोटेस्टंट व कॅथलिक वह्या वेगळ्या. पोलंडमध्ये जन्मनोंद १०० वर्षांनी आणि विवाह-मृत्यूची ८० वर्षांनी स्थानिक कार्यालयातून राज्य अभिलेखागाराकडे जाते. अभिलेखागारांचं ‘शुकाय व् आर्खिवाख’ हे संकेतस्थळ फुकट आहे, बऱ्याच वह्या स्कॅन केलेल्या आहेत. लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्ताक्षराची लिपी असते. तिच्यात ‘ए’ हा ‘एन’सारखा दिसतो, आणि ‘यू’वर छोटी वक्र रेघ असते. एवढ्या दोन खुणा ओळखू आल्या तरी आडनावं बरीच सुटतात.

१९४५ नंतरसाठी ‘पूर’ या पुनर्वसन कार्यालयाचे कागद मागा. पूर्वेकडून आलेल्या कुटुंबांच्या स्थलांतर-पत्रकांत माणसं, सोबतची गुरं, मागे सोडलेलं घर-शेत असं लिहिलेलं असतं. माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात बोलका साठा. मोल्टकेंची इस्टेटही १९४५ नंतर सरकारी शेतीफार्म झाली.

क्शिझोवाबद्दल छापील मजकूर भरपूर मिळेल, पण तो बहुतेक एकाच कुटुंबाभोवती फिरतो. सेनाप्रमुखाच्या भावाचा पणतू हेल्मूट जेम्स फॉन मोल्टके आणि त्याचे साथी हिटलरनंतरच्या जर्मनीचा आराखडा करायला १९४२-४३ मध्ये तीनदा इथल्या टेकडीवरच्या घरात जमले. जानेवारी १९४५ मध्ये त्याला फाशी झाली. पत्नी फ्रेयाने त्याची पत्रं मधमाश्यांच्या पेट्यांत लपवून वाचवली. नंतर १२ नोव्हेंबर १९८९ ला, बर्लिनची भिंत पडून तीनच दिवस झाले असताना, इथल्या वाड्याच्या अंगणात पश्चिम जर्मनीचे चान्सलर कोल आणि पोलंडचे पंतप्रधान माझोव्येत्स्की एकत्र प्रार्थनेला उभे राहिले. आज तिथे युवकांचं आंतरराष्ट्रीय भेटीचं केंद्र आहे. सामान्य शेतकऱ्यांचा इतिहास मात्र वरच्या नोंदींतूनच काढावा लागेल.

प्रत्यक्ष जाणार असाल तर १:२५,००० चा जुना जर्मन नकाशा सोबत घ्या. दफनभूमी, गिरणी, वीटभट्टी सगळं त्यावर आहे. अशा गावांतल्या अनेक जर्मन दफनभूमी सपाट झाल्या. रानात अचानक रांगेतली जुनी लिंडेनची झाडं आणि जमिनीवर दाट आयव्ही दिसली, तर तिथे दगड शोधा. आणि कुणाच्याही दारात जाऊन ‘हे घर कुणाचं होतं’ असं पहिलंच विचारू नका. परका माणूस मालमत्तेवर हक्क सांगायला आलाय, ही धास्ती तिथे दशकानुदशकं होती. आधी सोल्तिसला, म्हणजे गावच्या सरपंचाला भेटा, तो बरोबर आला की दारं उघडतात.