बडोद्याहून स्वतःची गाडी बोटीवर चढवून परदेशात सुट्टीला जाता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मांजलपूरला राहता, नवी क्रेटा घेतली आहे, घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. दिवाळीत तीन आठवड्यांची सुट्टी मिळते. युरोपातले लोक गाडी बोटीवर चढवून शेजारच्या देशात जातात, तसं आपल्याला दुबईला किंवा श्रीलंकेला जाता येईल का?

गाडी जाईल आणि तुम्हीही जाल, पण एका बोटीने जाणार नाही. तुम्ही विमानाने जाणार आणि गाडी लोखंडी पेटीत बंद होऊन मालवाहू जहाजाने येणार. तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी हा व्याप करू नका असंच मी सांगेन. मी बडोद्यातच क्लिअरिंगच्या, म्हणजे मालाचे कस्टम्सचे सोपस्कार करून देण्याच्या धंद्यात आहे, दशरथ गावच्या कंटेनर डेपोत आयुष्य गेलं म्हणा ना. लोकांच्या गाड्या पाठवल्या आहेत आणि स्वतःचीही आखातात फिरवून परत आणली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी श्रीलंकेचं. तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून कांकेसंतुराईला, म्हणजे जाफन्याच्या बाजूला, १४ ऑक्टोबर २०२३ ला बोट सुरू झाली. मध्ये बंद पडली, २०२४ मध्ये पुन्हा चालू झाली. पण ती माणसांची बोट आहे, गाडी घेत नाही. त्यामुळे गाडी न्यायची तर कोलंबोपर्यंत कंटेनरच. श्रीलंकेत आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, एवढी एकच सोय. नाही तर तिथे ड्रायव्हरसकट गाडी सहज मिळते आणि आईंना घेऊन डोंगरातले रस्ते फिरायचे असतील तर मी तेच करेन.

आता दुबई. हा रस्ता खरोखर चालतो. मुंद्रा किंवा न्हावाशेवाहून जेबेल अलीला, म्हणजे दुबईच्या बंदराला, कंटेनर नियमित जातात. समुद्रातले दिवस थोडेच असतात. वेळ खातात ते दोन्ही टोकांचे सोपस्कार. पण जहाजाची चौकशी करण्याआधी कार्नेटची करा, कारण सगळं तिथे अडतं.

कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट. पूर्ण नाव ‘कार्नेट द पासाज आँ दुआन’. एखाद्या देशात गाडी उतरवली की तो देश ती आयात समजतो आणि आयात शुल्क मागतो. कार्नेट दाखवलं की गाडी तात्पुरती आली आहे, परत जाणार आहे, याची हमी मिळते आणि शुल्क भरावं लागत नाही. ही हमी तुमच्या शब्दावर कोणी देत नाही. भारतात ऑटोमोबाइल असोसिएशन कार्नेट देतात. आपल्या बाजूला मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन. त्या बदल्यात बँक गॅरंटी मागतात. गॅरंटीची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही कुठल्या देशांत जाणार यावर ठरते, काही देशांसाठी ती गाडीच्या किमतीहूनही जास्त होते. तेवढी एफडी बँकेत अडकवून ठेवायची तयारी हवी. गाडी वेळेत बाहेर निघाली नाही, मग ती चोरीला गेलेली असो की अपघातात भंगार झालेली, तर तो देश शुल्क मागायला असोसिएशनकडे येतो आणि असोसिएशन तुमच्या गॅरंटीकडे.

कार्नेट एक वर्ष चालतं. त्यातल्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: एक गाडी देशात शिरताना कस्टम्स फाडून घेतं, दुसरा बाहेर पडताना, तिसरा शिक्क्यांसह तुमच्याकडे राहतो. शिक्का राहिला तर गाडी कागदोपत्री त्याच देशात अडकली. सीमेवर रात्रीचे दोन वाजलेले असोत, पोरं रडत असोत, शिक्का नीट उमटला आहे का ते दिव्याखाली बघूनच पुढे जायचं. परत आल्यावर गाडी भारतात पोचल्याची नोंद करून पुस्तक असोसिएशनला द्यायचं, मगच गॅरंटी सुटते.

गाडी कर्जावर असेल तर बँकेची ना-हरकत लागते. आरसी बुकात नाव तुमचंच हवं; गाडी वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर अधिकारपत्र करून घ्या. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून मिळतं, वर्षभर चालतं. सगळ्या कटकटीत हे एकच काम मुकाट्याने होतं. गाडीच्या मागे लंबगोलात ‘आयएनडी’ लावावं लागतं, नंबरप्लेटवरच्या निळ्या बारीक अक्षरांवर भागत नाही.

विम्याबद्दल लोक हमखास गाफील असतात. आपल्या मोटर पॉलिसीचं क्षेत्र जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंत वाढवता येतं, तिथे यादी संपते. आखात त्यात नाही. आणि श्रीलंकेसाठी वाढवलं तरी त्याच कलमात लिहिलेलं असतं की समुद्रप्रवासात झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. म्हणजे जहाजावरच्या दिवसांसाठी वेगळा मरीन विमा, आणि पलीकडे उतरल्यावर तिथला स्थानिक थर्ड पार्टी. दुबईतून ओमानला जायचं असेल तर पॉलिसी ओमानमध्ये चालते असं लिहून घ्या. अरब देशांत चालणारं ‘ऑरेंज कार्ड’ त्यासाठीच असतं.

कंटेनरमध्ये गाडी भरणं हा बघण्यासारखा प्रकार आहे. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद. तुमची क्रेटा सुमारे १.८ मीटर रुंद, म्हणजे आरसे मिटले तर दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा. दार पुरतं उघडत नाही, ड्रायव्हर खिडकीतून बाहेर येतो. अंगाने भरलेला ड्रायव्हर आला की सगळा डेपो बघायला जमतो. त्याआधी कस्टम्सवाले चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून बघतात. टाकीत पेट्रोल अगदी थोडं ठेवायचं, बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, चाकांना लाकडी ठोकळे ठोकायचे आणि पट्ट्यांनी चारी बाजूंनी आवळायचं. हे काम नीट करणाऱ्या माणसाला पैसे देताना हात आखडू नका. मग दाराला सील. सीलच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. समोरच्या बंदरात तोच नंबर दिसला की निम्मी काळजी जाते.

डिकीत सामान भरून पाठवायचा मोह सगळ्यांना होतो. फरसाणाचे डबे, कुकर, आईंची औषधं... काहीही ठेवू नका. कार्नेटवर गाडी आणि तिच्याबरोबर नोंदवलेल्या वस्तू असतात, घरगुती सामान नसतं. तपासणीत निघालं की गाडीही थांबते. आणि दिवाळीत जाताय म्हणून मुद्दाम सांगतो: विमानाच्या बॅगेतसुद्धा अनारसे नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, ती अमली पदार्थांत धरली जाते. चकली, शेव, शंकरपाळे खुशाल न्या. आईंची झोपेची किंवा दुखण्याची गोळी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि ती गोळी तिथे चालते का हे आधी बघा.

पलीकडे उतरल्यावर डिलिव्हरी ऑर्डर (कंटेनर तुम्हाला द्यावा असं जहाज कंपनीचं पत्र), कार्नेटचा शिक्का, तपासणी, मग किल्ली हातात. यात एखादी सुट्टी आडवी आली तर दिवस जातात. कंटेनर ठरावीक दिवसांपुढे अडकला की डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, आणि बंदराचं भाडं चढत जातं. तुमच्या तीन आठवड्यांतला एक आठवडा हॉटेलात बसून एजंटला फोन करण्यात गेला तर नवल नाही. शिवाय परतीला हाच खेळ उलटा. जाण्यायेण्याचं भाडं, दोन्हीकडचे एजंट, बांधाबांध, मरीन विमा आणि गॅरंटीसाठी अडकलेले पैसे यांची बेरीज केली तर दुबईत महिनाभर चांगली गाडी भाड्याने घेऊनही पैसे उरतात.

मग लोक का करतात? मी का केलं? कारण मला तीन महिने मिळाले होते. दुबईहून हत्ता गावाच्या बाजूने ओमानमध्ये शिरलो, मस्कत, सूर, आणि खाली शन्ना. शन्नाहून मसिरा बेटावर गाड्या नेणारी फेरी जाते. तिथे मात्र मी आणि माझी जीजे ०६ एकाच बोटीवर होतो! लोक थांबून प्लेट बघायचे, मल्याळी दुकानदार चहाचे पैसे घ्यायचे नाहीत. उजवीकडून चालवायच्या देशात आपलं उजवीकडचं स्टिअरिंग त्रास देतं. ट्रकमागून ओव्हरटेक करताना पुढचं काहीच दिसत नाही, शेजारी बसलेल्याने बघून सांगावं लागतं. बायकोचं ‘थांबा, थांबा’ ऐकायची सवय मला होतीच. एवढा वेळ, एवढे देश, तर स्वतःच्या गाडीला अर्थ आहे. तुमच्या बेतात एकच शहर आणि शॉपिंग मॉल असतील तर नाही.

एक अवांतर. बडोद्याच्या माणसाला समुद्र लांबचा वाटतो, पण ओखा बंदर गायकवाडांच्या राज्याचं होतं, आणि हिंदुस्तान मोटर्सने १९४२ मध्ये गाड्या जोडायला तिथेच सुरुवात केली. कारखाना कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला गेला तो १९४८ मध्ये. म्हणजे गाडी आणि बंदर यांचं नातं आपल्याकडे जुनंच.

तुमच्या प्रश्नातून मला वाटतं, तुम्हाला गाडीपेक्षा ती बोट हवी आहे: रांगेत गाडी लावायची, रॅम्पवरून आत शिरायचं, वर डेकवर जाऊन चहा प्यायचा आणि दुसऱ्या किनाऱ्यावर आपल्याच गाडीतून उतरायचं. ते हवं असेल तर विमानाने युरोपात जा आणि गाडी तिथे भाड्याने घ्या. इंग्लंड-फ्रान्सच्या डोव्हर-कॅलेचं नाव सगळे घेतात, दीड तासाचा प्रवास आहे, पण तुम्हाला दोन वेगळे व्हिसा लागतील आणि इंग्लंडची भाड्याची गाडी बाहेर न्यायला कंपनीकडून वेगळा कागद लागतो. त्यापेक्षा एका शेंगेन व्हिसात, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसात, बसणारी फेरी घ्या. हेलसिंकी ते टालिन सुमारे दोन तास. नाही तर अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्रीची बोट घेऊन सकाळी क्रीटला. दिवाळीच्या थंडीत मुलांना घेऊन मी ग्रीसच निवडेन. बुकिंग करताना भाड्याच्या कंपनीकडून ‘फेरीवर न्यायला परवानगी’ असं लेखी घ्या, पुष्कळ कंपन्या विमा फेरीवर लागू धरत नाहीत.

बोटीत शिरल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक लावा आणि अलार्म बंद करा, नाही तर लाटेच्या हेलकाव्याने तो वाजत राहतो. प्रवासात खाली गाडीपाशी थांबू देत नाहीत, म्हणून औषधं, स्वेटर, मुलांचं खाणं सुरुवातीलाच वर न्या. डेकचा नंबर आणि जिन्याचा रंग मोबाइलवर टिपून घ्या. शेकडो गाड्यांत आपली पांढरी भाड्याची गाडी शोधताना दोन मुलं आणि आई हाताशी असतील.

आणि आधी चाचणी करायची असेल तर ती इथेच होते. सुरतेजवळचं हजिरा ते भावनगरजवळचं घोघा अशी रो-पॅक्स, म्हणजे माणसं आणि गाड्या दोन्ही नेणारी बोट, ८ नोव्हेंबर २०२० पासून चालते. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर पडतात तिथे समुद्रातून ९०. खरं तर बडोदेकरांसाठी हा फायदा शून्य आहे, कारण भावनगर आपल्याला वासद-तारापूरमार्गे रस्त्यानेच जवळ पडतं आणि हजिऱ्याला जायचं म्हणजे आधी भरूच-सुरतेपर्यंत खाली उतरायचं. आपल्या जास्त सोयीची दहेजची बोट २०१७ मध्ये सुरू झाली होती, पण तिथे गाळ साचत राहिला आणि ती टिकली नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक इतका मोठा की पाणी सदा गढूळ चहासारखं. तरीही सकाळी हजिऱ्याला गाडी चढवा, घोघ्याला उतरा, भावनगरला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याने घरी या. निघण्याआधी त्या दिवशीची फेरी आहे ना ते बघा, हवा बिघडली की रद्द होते. आईंना बोट लागते की नाही हे तिथेच कळेल, आणि क्रीटचं तिकीट त्यानंतर काढा.