हाताला कळू दे

प्रिय पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. फोन करणार होतो, पण फोनवर मी उपदेश कमी आणि भांडण जास्त करतो असं तुझ्या काकूंचं म्हणणं आहे, म्हणून कागद घेतला.

तुझ्या वर्गातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात पंधरा-वीस पेन्सिली, खोडरबर, एक पाण्याची बाटली, एक नवीकोरी चप्पल पडून आहे आणि कुणीच ‘माझं’ म्हणत नाही. तू रागावलीस, तर एका मुलाच्या बापानं फाटकात उभं राहून सांगितलं, "दाहा रुपयाची तं हाये मॅडम, नवी आणून देतो. आमी फाटक्यात दिवस काढले, लेकरानं काहून काढाव?" तेव्हापासून तू गप्प आहेस. १६,००० रुपये मानधनावरची शिक्षिका मी, ज्यांच्या घरी कापसाच्या पैशावर वर्ष निघतं त्यांच्या पोरांना काटकसर शिकवणारी कोण, असा तुझा प्रश्न.

बाप बरोबर बोलला. त्याच्याशी वाद घालू नकोस. आणि काटकसर शिकवूच नकोस, ती त्यांच्या आजीला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त येते. ‘वस्तूंची किंमत’ या विषयावर निबंध, घोषवाक्यं, पोस्टर, हरवलेल्या पेन्सिलीला दोन रुपये दंड, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे ते मला ठाऊक आहे. तुझ्या मेसेजमध्ये ‘उपक्रम’ हा शब्द मोजवेना इतक्यांदा आला. फेकून दे ते. माझं म्हणणं एकच आहे आणि ते तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: आधी हाताला कळू दे. हाताला कळलं नाही ते पोराला कळलं नाही.

पेन्सिलीपासून सुरुवात करायची नाही. देशातल्या बहुतेक पेन्सिलींच्या लाकडी पट्ट्या काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यातून येतात, पॉपलरच्या झाडाच्या. हे सांगितलंस तर पोट्टे ‘हो मॅडम’ म्हणतील आणि सुट्टीत त्याच पेन्सिलीनं विटीदांडू खेळतील. माहिती आहे ती, हाताला तिचं काही नाही.

तू यवतमाळ जिल्ह्यात आहेस. शाळेच्या कुंपणाला लागून कापसाची पऱ्हाटी उभी आहे. तिथून सुरू कर.

प्रत्येकाला एक फुटलेलं बोंड दे. बोटांनी रुई वेगळी करायची, सरकी वेगळी. एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या निघतात, आणि प्रत्येक सरकीला रुई अशी धरून बसलेली असते की अर्ध्या तासात वर्गाचा आवाज बंद होतो. मग वजनकाटा आण, किराणा दुकानदार देतो तासाभरासाठी. क्विंटलभर कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, हे सरकी काढणाऱ्या जिनिंगवरचा कुणीही सांगेल. म्हणजे बापाच्या खांद्यावरचा सुती दुपट्टा २०० ग्रॅमचा धरला, तर त्याला ६०० ग्रॅम कापूस लागला. बोंड चार-पाच ग्रॅमचं. झाली सव्वाशे-दीडशे बोंडं. हा हिशेब तू फळ्यावर करू नकोस. पोरांना करू दे, चुकू दे, भांडू दे.

यातून एक प्रश्न हमखास निघतो. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. म्हणजे दुपट्ट्यातला कापूस पन्नास रुपयांच्या आतला, तोही हमीभाव हाती पडला तर. आठवडी बाजारात दुपट्टा त्याच्या दुपटी-तिपटीनं मिळतो. मधले पैसे कुठं गेले, मॅडम? सूत कातणारा, विणणारा, रंगवणारा, गाडीवाला, दुकानदार, प्रत्येकाचे हात मधे आहेत, आणि काही बिनहातांचेही आहेत. आठवीच्या पोरानं हा प्रश्न विचारला की त्या दिवशी तुझा पगार वसूल झाला समज. तुझ्या पोस्टरातून हा प्रश्न सात जन्मांत निघणार नाही.

मी नवीन काही सांगत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तिथं गांधीजींनी हेच मांडलं की हस्तोद्योगातून शिकवा. सेवाग्रामात आनंद निकेतन शाळेत आजही पोरं शेती करतात, सूत कातात, रांधतात. यवतमाळहून वर्धा काही लांब नाही. एकदा जाऊन ये. आपण मात्र वर्षातून एकदा दसऱ्याला अवजारं पुजतो, दिवाळीला फड्याला, म्हणजे झाडूला, हळदकुंकू वाहतो, आणि एरवी तोच फडा पायानं सरकवतो. पोरं आपली पूजा बघत नाहीत, आपला पाय बघतात.

आता तुला माझी भीती वाटेल ते सांगतो, कारण कुणीतरी सांगेलच. मी पोरांना वेचणीला नेलं होतं. सकाळी, गारवा असताना, तेव्हा पाचोळा कापसाला कमी चिकटतो. एकच पात, म्हणजे एकच ओळ, पहिल्या सुट्टीपर्यंत. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं ओरबाडली, दोघं-तिघं रडले. आपल्या माईची बोटं दिवाळीत अशी का असतात ते त्यांना त्या दिवशी कळलं. पुढच्या आठवड्यात पेपरात बातमी, ‘विद्यार्थी की मजूर?’ कारणे दाखवा नोटीस आली. व्यवस्थापन समितीची परवानगी होती, पालकांच्या सह्या होत्या, वेचलेला कापूस मालकाला न देता वर्गात आणला होता. सगळं लिहून दिलं. साहेबांनी वाचलं की नाही देव जाणे, वर्षभर मला केंद्रातल्या शाळांच्या प्रत्येक बैठकीत ‘कापूसवाले गुरुजी’ म्हणत होते. म्हणोत. मजुरीत पोराच्या हाताचा फायदा दुसरा घेतो. माझ्या वर्गात तो पोरालाच मिळाला. हा फरक ज्याला कळत नाही त्यानं नोटिसा काढाव्यात. परत संधी मिळाली तर परत नेईन. तू मात्र परवानगी लेखी घे, फाइलला लाव, फोटोत एकही पोर ओझं उचलताना दिसू देऊ नकोस. माझ्यासारखा हट्ट तुला परवडणार नाही, तुझं कायम व्हायचं बाकी आहे.

सल एकच आहे. सूत कातायच्या टकळ्यांचं एक खोकं होतं, पोरांनीच बांबूच्या काड्या तासून केलेल्या. माझी बदली झाली आणि मोडक्या बाकांबरोबर ते भंगारात गेलं. ज्यांनी दिलं ते वाईट नव्हते. त्यांच्या हातानं त्या कधी फिरवल्याच नव्हत्या.

खिचडीचं विचारलंस. ताटातली अर्धी कुत्र्याला जाते म्हणालीस. पाचवीपर्यंत पोरामागे १०० ग्रॅम तांदूळ येतो, पुढं १५०. काही पोरांना खरंच जास्त होतो, काहींना ती खिचडीच आवडत नाही. आधी तू स्वतः रोज खाऊन बघ, मग बोल. मग भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या सहकाऱ्याला सांगून पायलीभर धान मागव आणि गावातून उखळ-मुसळ आण, कुणाच्या तरी गोठ्यात पडलेलं असतंच. मूठभर धान कांडून बघू दे. कोंडा सहज सुटत नाही, तांदूळ तुटतो, हात भरून येतात. कांडलेल्यातून खडे निवडायला स्वयंपाक करणाऱ्या ताईंना बसव, त्यांना वर्गात खुर्ची दे. महिन्याला २,५०० रुपयांत ती बाई तुझ्या सगळ्या वर्गाला जेवू घालते आणि तुझ्या पोरांना तिचं नाव माहीत नाही. पैज लाव.

अन्न टाकणं यानं थांबेल? थांबेलच असं नाही. काही पोट्टे मुसळ खाली ठेवून परत ताट सांडतील. तू लगेच मला मेसेज करशील, ‘सर, काही उपयोग नाही.’ चार दिवसांत उपयोग मागायचा असेल तर पोस्टरच कर, त्याचा निकाल त्याच दिवशी लागतो.

आणि तो बाप. त्याला बोलाव. समजावायला नाही, शिकवायला. त्याच्या वयाच्या माणसाला अंबाडीच्या वाखाचा दोर वळता येतो, विचारून बघ. ‘माह्याच्यानं काय होते मॅडम’ म्हणेल, दोनदा टाळेल, तिसऱ्यांदा येईल. त्याचं पोरगं समोर बसलेलं असू दे. मांडीवर वाख घेऊन तळहातानं पीळ देताना त्या माणसाला कुणी शेवटचं कधी पाहिलं असेल? तू मध्ये बोलू नकोस. तुझ्या तोंडाला त्या तासाला सुट्टी. हाताला कळू दे.

खोकं तसंच राहू दे. पेन्सिली वाटून टाकू नकोस. तिथली ती चप्पल मात्र कुणाची ते शोध. नवीकोरी चप्पल कुणी विसरत नाही, लाजेनं मागत नसेल किंवा आपल्या पायाची राहिली नसेल.

शुक्रवारी शेवटच्या तासाला बटणं लावायला शिकव, मुलांनाही, मुलींनाच नव्हे. सुया शाळेच्या खर्चातून मागू नकोस, त्या बिलाला तीन महिने लागतील. बाजारातून मोठ्या नेढ्याच्या घे. मोजून दे आणि मोजून परत घे.

तुझा,
गुरुजी